खेळ आणि खेळाची पोथी

कादंबऱ्या वाचल्यानें तरुण मुलें बिघडतात, हा ग्रह मराठी घरांत कादंबरीइतकाच जुना आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालीं. आणि १८७२ सालीं काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं नावल व नाटक यांविषयीं निबंध लिहून असल्या अद्भुत रचनांतील असंभाव्यतेचा समाचार घेतला. पुढें कित्येक पिढ्या ‘अभ्यास सोडून गोष्टी कसल्या वाचतोस?’ हा प्रश्न घरोघर विचारला गेला. आज तेंच घर मुलानें निदान एखादी कादंबरी तरी हातीं धरावी म्हणून देव पाण्यांत घालून बसलें आहे, आणि जुना सगळा दोष आतां व्हिडिओ गेमच्या माथीं आला आहे. खेळ आणि पुस्तक हीं एकमेकांचीं वैरी, असें आपण गृहीत धरून चालतों. परंतु खेळामुळेंच पुस्तकाकडे वळलेलीं मुलें आहेत, आणि तीं ज्या पुस्तकांकडे वळतात त्यांचा एक स्वतंत्र प्रकारच जगांत तयार झाला आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानीं गेली असेल.

नंदुरबार हें कांहीं पुस्तकांचें शहर म्हणून प्रसिद्ध नाहीं. मिरचीच्या पथारी, सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि १९४२ च्या चळवळींत कोवळ्या वयांत हुतात्मा झालेला शिरीषकुमार, एवढ्यावर बाहेरच्यांची ओळख संपते. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून निराळा झालेला हा जिल्हा. तापीकांठच्या काळ्या जमिनींत सधन, सातपुड्याच्या पाड्यांवर फार गरीब. देशांतील पहिला आधार-क्रमांक २०१० च्या सप्टेंबरांत दिला गेला तो याच जिल्ह्यांतील शहादें तालुक्याच्या टेंभली गांवीं; आणि याच जिल्ह्यांत अक्राणीकडे मोबाइलची रेंज मिळविण्यासाठीं माणसांना टेकडी चढावी लागे. नवें जग आमच्याकडे असें तुकड्यातुकड्यांनीं येतें.

या शहरांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत वीस वर्षांचा एक मुलगा आहे. अकरावीपर्यंत त्यानें पाठ्यपुस्तकें आणि गाइडें यांपलीकडे छापील पान उलटलें नव्हतें. वडिलांच्या कपाटांत हरिभाऊ आहेत, खांडेकर आहेत. परंतु गणपतीपूर्वीं एकदां त्यांच्यावरची धूळ झाडली जाई, इतकाच त्यांचा घराशीं संबंध उरला होता. मुलगा मिळेल तो वेळ कॉम्प्युटरवर ‘द विचर’ या खेळाचा २०१५ सालीं निघालेला तिसरा भाग खेळे. ज्यांनीं हा प्रकार पाहिला नाहीं त्यांनीं अशी कल्पना करावी, कीं पडद्यावर एक विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे. त्यांत गांवें, अरण्यें, दलदली आहेत. आणि पांढऱ्या केसांचा एक नायक, जो पैसे घेऊन राक्षसांचें पारिपत्य करण्याचा धंदा करतो, तो खेळणाऱ्याच्या बोटांच्या इशाऱ्यावर त्या प्रदेशांत हिंडत आहे. कोणाशीं बोलावें, कोणास सोडावें, कोणावर तलवार उपसावी, हें खेळणारा ठरवितो. हा नायक गेराल्ट. त्याला लोक मधूनमधून ‘ब्लाव्हिकेनचा खाटीक’ म्हणून हिणवतात.

ही शिवी त्या मुलाच्या मनांत सलूं लागली. महिनेन् महिने ज्याच्या देहांत आपण वावरलों, त्याला खाटीक कां म्हणतात? खेळांत त्याचा पुरता उलगडा होत नाहीं. चौकशी करतां कळलें, कीं खेळ जन्मण्याच्या कितीतरी आधींपासून या नायकाचीं पुस्तकें आहेत आणि उत्तर त्यांत आहे. ‘द लास्ट विश’ हें इंग्रजी पुस्तक त्यानें टपालानें मागविलें. शब्दकोश शेजारीं ठेवून त्यानें ती एक कथा आठ दिवसांत वाचली. एक मांत्रिक गेराल्टला सांगतो, कीं शापित मुहूर्तावर जन्मलेल्या अमुक स्त्रीला मार. ती स्त्री म्हणते, मांत्रिकाला मार, अधिक दुष्ट तो आहे. गेराल्ट दोघांसही नकार देतो. परंतु बाजारांतील निरपराध लोकांची कत्तल टाळण्यासाठीं अखेर त्याला त्या स्त्रीवर आणि तिच्या साथीदारांवर शस्त्र धरावेंच लागतें. आणि ज्यांना त्यानें वांचविलें, तेच लोक त्याच्यावर दगड उचलतात. मुलगा मला म्हणाला, “काका, खेळांत मी शेकडों मारले असतील, पण एकाचेंही वाईट वाटलें नव्हतें. इथें एका बाईसाठीं रात्रभर झोंप आली नाहीं.”

या एका वाक्यांत या पुस्तकांच्या आकर्षणाचें मर्म आहे, असें मला वाटतें. खेळांत नायकाचे हातपाय आपले असतात. मन मात्र रिकामें ठेवावें लागतें, कारण तेथें खेळणाऱ्यास स्वतः बसावयाचें असतें. खेळ संपला, पडदा काळा झाला, कीं ती रिकामी जागा आपल्याच अंगावर येते. कादंबरी तेथें नायकाचें मन आणून ठेवते. अर्थात् तिच्यांत आपल्याला कांहीं ठरवितां येत नाहीं. घडेल तें मुकाट्यानें पाहावें लागतें. ज्याला सतत ठरविण्याची संवय झाली आहे, त्याला ही असहायता प्रथम टोंचते आणि मग गोड लागते.

या पुस्तकांचा इतिहासही मनोरंजक आहे. आंद्झेय सापकोव्स्की हे पोलंडमधील गृहस्थ शिक्षणानें अर्थशास्त्राचे, पोटासाठीं फरच्या व्यापारांत विक्रीचें काम करणारे. ‘फान्तास्तिका’ या मासिकाच्या कथास्पर्धेकरितां त्यांनीं एक कथा धाडली. ती १९८६ च्या डिसेंबरांत छापून आली आणि तिला तिसरें पारितोषिक मिळालें. पुढें दोन कथासंग्रह आणि पांच खंडांची कादंबरी झाली. १९९९ सालीं ती संपली. २००७ सालीं पोलंडच्याच एका कंपनीनें पहिला खेळ काढला, तो पुस्तकें जेथें संपतात त्याच्या पुढच्या काळांत कल्पून. इंग्रजी वाचकांस ‘द लास्ट विश’ मिळालें तेंही २००७ सालीं, आणि शेवटचा खंड इंग्रजींत यावयास २०१७ साल उजाडलें. लेखकानें आरंभीं नफ्यांतला वांटा नाकारून एकरकमी पैसे घेतले होते. खेळ जगभर खपतांच, २०१८ सालीं, त्यांनीं सहा कोटी झ्लॉटींची मागणी करणारें पत्र कंपनीस लिहिलें, आणि २०१९ च्या अखेरीस नवा करार झाला. व्हिडिओ गेमनें काय होणार आहे, असा त्यांचाही ग्रह होता. आपल्याकडील वडीलधाऱ्यांस यांत थोडें समाधान मानतां येईल.

मूळ पुस्तक आधीं आणि खेळ मागून, हा एक मार्ग. रशियन लेखक दिमित्री ग्लुखोव्स्की यांची ‘मेट्रो २०३३’ ही कादंबरी २००५ सालीं छापली गेली. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेंत उरलेल्या माणसांची ती कथा. तिच्यावर २०१० सालीं खेळ केला तो युक्रेनमधील कलावंतांनीं. युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध केल्याबद्दल याच लेखकाला रशियन न्यायालयानें २०२३ सालीं, त्याच्या गैरहजेरींत, आठ वर्षांची शिक्षा ठोठावली. पोरखेळाचीं पुस्तकें म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

दुसरा मार्ग उलटा, खेळावरून कादंबरी. १९८४ सालच्या ‘इलीट’ या अंतराळाच्या खेळाबरोबर, त्याच खोक्यांत, रॉबर्ट होल्डस्टॉक यांची ‘द डार्क व्हील’ ही छोटी कादंबरी मिळे. त्या वेळीं पडद्यावर नुसत्या रेघा दिसत. त्या रेघांना गलबतें आणि माणसें समजावयास पुस्तकाची मदत लागे. ‘हेलो’ची ‘द फॉल ऑफ रीच’ ही कादंबरी तर २००१ सालीं खेळाच्या कांहीं दिवस आधींच बाजारांत आली. यांतील बरीचशीं पुस्तकें सामान्य आहेत, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. ‘असॅसिन्स क्रीड’च्या कादंबऱ्या ऑलिव्हर बोडेन या टोपणनांवानें निघत, त्यांपैकीं एक मी त्या मुलाकडून आणून वाचली. नायक भिंत चढला, छपरावरून धांवला, एकास मारलें, पुन्हां भिंत चढला. दुसऱ्यानें खेळलेला डाव पाठीमागें उभें राहून पाहावा, तसा कंटाळा आला.

तथापि या वाचकांची चिकाटी पाहून मी थक्क झालों. ‘मास इफेक्ट’ या खेळावरील ‘डिसेप्शन’ ही कादंबरी २०१२ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाली, आणि थोड्याच दिवसांत वाचकांनीं तिच्यांतील चुकांची लांबलचक यादी मांडली: अमुक पात्राचा स्वभाव मागील भागाशीं जुळत नाहीं, तमुक जातीचें वर्णन विसंगत आहे. शेवटीं खेळाच्या कर्त्यांस आणि प्रकाशकास दिलगिरी व्यक्त करून पुढील आवृत्तींत दुरुस्तीचें आश्वासन द्यावें लागलें. पाठभेदावरून हातघाईवर येणारे आपले जुने शास्त्री या मंडळींत सहज मिसळले असते!

आमच्या मुलाची हकीकत एवढी सुरळीत नाहीं. बारावीच्या वर्षीं वडिलांनीं कॉम्प्युटर कपाटांत घालून कुलूप लावलें. त्यांचें भय निराधार नव्हतें. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या नादांत घरें बुडत होतीं. अखेर २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून तसल्या खेळांवर बंदी घातली. कथेचा खेळ आणि पैशाचा खेळ यांतला भेद बापाच्या काळजीला कोठून दिसावा? परंतु गंमत अशी झाली, कीं यंत्र कुलुपांत गेलें आणि पुस्तकें टेबलावर राहिलीं. तीं त्याच खेळाचीं आहेत हें कोणाच्या ध्यानींही आलें नाहीं. उलट मुलगा जाड जाड इंग्रजी ग्रंथ वाचतो, म्हणून आईनें शेजारीं कौतुक केलें. चार महिन्यांत त्यानें पांचही खंड संपविले. परीक्षेचा निकाल मात्र बेताचाच लागला. घरांत कडाक्याचें भांडण झालें, आणि पुस्तकेंही कांहीं दिवस माळ्यावर गेलीं. वडील आजही तो विषय निघाला कीं उठून जातात.

माझी स्वतःची हुरहूर निराळी होती. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ वाचतां यावी म्हणून कितीकांनीं हिंदी शिकून घेतली, असें सांगतात. तिच्यांतील तिलिस्म म्हणजे गुप्त दरवाजे, फसवे जिने आणि किल्ल्या यांचा एक खेळच. आणि त्याचा भेद सांगणारें पुस्तकही कथानायकास त्याच कथेंत मिळतें. मराठींत १९१३ सालीं नाथमाधवांनीं ‘वीरधवल’ लिहिली, तिनें पिढ्यांना वेड लावलें. करमणुकीच्या लोभानें वाचन लागावें, यांत नवें कांहीं नाहीं. नवें हें, कीं या मुलाला वाचन लागलें तें परक्या भाषेंत. त्याच्या मनांतील सगळें अद्भुत आतां इंग्रजी बोलतें. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा सुंदर खेळ केला. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णु, मधूनमधून बाहुल्यांचा छायाखेळ. त्यानें तो दोन दिवसांत संपविला आणि विचारलें, “याचें पुस्तक कोठें मिळेल?” मी काय उत्तर देणार?

त्याला मराठीकडे ओढलें तें त्याच्या आजीनें, आणि तेंही नकळत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पोथी वाचतां येईना, तेव्हां ‘तूं वाचतोस तेंच सांग’ म्हणून तिनें हट्ट धरला. आतां ‘विचर’ला मराठींत काय म्हणावें? आजीनें ‘राक्षसमाऱ्या’ ठरविलें. त्यांतील विद्यासंपन्न स्त्रियांस त्यानें ‘चेटकिणी’ म्हणतांच ती रागावली, “अरे, शाळेंत शिकलेल्या बाया त्या, मांत्रिक म्हण.” भर दुपारच्या उन्हांत शेतांत हिंडणारी पिशाच्ची तिच्या लगेच ओळखीची निघाली, बाराच्या टळटळीत उन्हांत विहिरीवर जाऊं नये, हें तिला तिच्या सासूनें सांगितलें होतें. पोलंडच्या शेतकऱ्यांची आणि खानदेशच्या सासूची भीति एकच कशी, याचें त्या मुलाला फार नवल वाटलें. आणि ब्लाव्हिकेनच्या खाटकाची कथा पुरी ऐकल्यावर आजी थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “म्हणजे आपला धर्मव्याधच कीं!” वनपर्वांतील तो मांसविक्रेता, ज्याच्यापुढें तपस्वी ब्राह्मणाला शिकण्यासाठीं जाऊन बसावें लागलें, तो मुलाला ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशीं वडिलांच्या कपाटांतून महाभारताचा मराठी खंड खालीं उतरला.

पुढचे खंडही त्यानें उतरविले असें मी सांगणार नाहीं. धर्मव्याधाचें आख्यान वाचून त्यानें तो परत ठेवला. सध्यां सापकोव्स्की यांचें ‘क्रॉसरोड्स ऑफ रेव्हन्स’ हें नवें पुस्तक घरांत आलें आहे. मूळ पोलिश २०२४ सालचें, इंग्रजी भाषांतर २०२५ सालचें. गेराल्टच्या पहिल्या उमेदवारीची कथा. रोज दिवेलागणीनंतर तासभर त्याचें निरूपण चालतें. एके दिवशीं त्यानें दोन पानें गाळून पुढें उडी मारली, ती आजीनें पकडली. वडील शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र उघडून बसतात, आणि तेवढा तासभर पान उलटल्याचा आवाज येत नाहीं.