मंदीतला डिस्को

संपादकांना हवा होता जपानी पॉपवर एक धावता लेख. पण 'मॉर्निंग मुसुमे' या ग्रुपच्या 'लव्ह मशीन'पाशी पोचलो आणि पुढे सरकणंच झालं नाही.

हा मुलींचा ग्रुप जन्मला तोच हरलेल्यांमधून. 1997 साली 'आसायान' या टीव्ही कार्यक्रमाने रॉक गायिका शोधण्यासाठी स्पर्धा घेतली. त्यात मागे पडलेल्या पाच जणींपुढे अट ठेवली गेली, पाच दिवसांत सीडीच्या 50,000 प्रती स्वतःच्या हाताने विका, मग पुढचं बोलू. चौथ्या दिवशी नागोयात त्यांनी आकडा गाठला. 1998 च्या जानेवारीत रीतसर पदार्पण झालं. गाणी लिहिणारा आणि चाली बांधणारा त्सुन्कू हा 'शारान क्यू' या रॉक बँडचा गायक.

सुरुवातीची गाणी बरीचशी सोज्वळ. जुलै 1999 मध्ये 'फुरुसातो' हे हळवं, संथ गाणं आलं, नात्सुमी आबेला पुढे ठेवून. त्याच दिवशी आमी सुझुकी या गायिकेचंही गाणं बाजारात आलं आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. 'फुरुसातो' पाचवं. ग्रुपची हवा गेली, असंच चित्र होतं.

दोनच महिन्यांनी, 9 सप्टेंबरला, 'लव्ह मशीन' आलं. तोवर पाचांच्या आठ जणी झाल्या होत्या.

याच्या संगीत संयोजनाचं काम त्सुन्कूने डान्स मॅनकडे दिलं. हा एक अवलिया. डोक्यावर भलामोठा अ‍ॅफ्रो, आपण 'मिररबॉल' ग्रहावरून आलो असं बिनदिक्कत सांगणारा, जुन्या अमेरिकी डिस्को गाण्यांवर गमतीदार जपानी शब्द चढवून गाणारा. पण सोंगाखाली पक्का वादक, मुळात बास गिटारवाला. त्यामुळे गाणं ऐकताना कान आपोआप खाली, बासकडे जातो. सुरुवातीलाच 'व्हीनस' या जुन्या गाण्याची आठवण येते, मग ब्रास वाद्यांचे फटकारे आणि वर आठ जणींचा गलका.

खरी गंमत या गलक्यात आहे. संथ गाण्याला एक समर्थ गळा लागतो. आठातली एक गाते, बाकीच्या मागे उभ्या. डिस्कोत ठेका सगळ्यांना धरून ठेवतो. कुणी अर्धी ओळ म्हणते, कुणी नुसतीच हाळी देते, कुणाचा आवाज जेमतेम दोन सेकंद येतो, तरी गाणं सांडत नाही. त्सुन्कूचा लयीवरचा हट्टही प्रसिद्ध आहे. प्रत्येक मात्रेचे चार तुकडे मनात मोजत गा, हा त्याचा धडा. तबलजी जसा चौगुन मनात ठेवून ठाय लयीत वाजवतो, तसंच. नव्या मुलीचा गळा कच्चा असला तरी चालेल, लय कच्ची चालत नाही.

आणि नवी मुलगी होतीच. दोघी घ्यायच्या ठरल्या होत्या, निवडली एकच, माकी गोतो. वय 13, केस सोनेरी. पहिल्याच गाण्यात तिला थेट पुढे उभं केलं. मायुमी नात्सु यांनी बसवलेला नाच शाळकरी पोरांपासून कचेरीतल्या साहेबांपर्यंत कुणालाही जमेल असा होता. यामाइची सिक्युरिटीज ही शेअर दलाली कंपनी बुडून दोन वर्षं झालेली, नोकऱ्यांची टंचाई; आणि गाण्यात मंदीचं नाव घेऊन जपानच्या भविष्याची खुशाल बढाई. 16 लाखांहून जास्त प्रती खपल्या.

काळजीची बाजूही याच यंत्रात आहे. कुणा एकीवर गाणं अवलंबून नसलं की कुणालाही बदलता येतं. जाणाऱ्या मुलीचं 'ग्रॅज्युएशन' होतं, जागी नवी येते. गोतोही 2002 मध्ये गेली. व्यवस्था म्हणून हे हुशारीचं आहे. तेरा वर्षांच्या पोरीच्या बाजूने पाहिलं तर मला ते तितकंसं गोड वाटत नाही. पुढे खप उतरला, 2005 मध्ये एकेबी 48 हा मुलींचा दुसरा ग्रुप उभा राहिला आणि नंतर बाजार त्याचा झाला. 2012 च्या 'वन टू थ्री'पासून मॉर्निंग मुसुमेने इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांची आणि कवायतीसारख्या रचनांची वाट धरली. 2014 पासून नावामागे सालाचे दोन आकडे लागतात.

त्सुन्कूला स्वरयंत्राचा कर्करोग झाला. स्वरतंतू काढावे लागल्याचं त्याने एप्रिल 2015 मध्ये जाहीर केलं. गाण्याचा आवाज गेला. गाणी लिहिणं थांबलं नाही.

'लव्ह मशीन' ऐकणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बास पोचत नाही, आणि बास गेला तर उरतो नुसता आरडाओरडा.