एकच निवडा

संगणक म्हटला की डोळ्यांसमोर चित्रे आणि माऊस येतो. पण त्याच्याशी बोलण्याची एक जुनी रीत अजून चालू आहे. काळा पडदा, त्यावर आज्ञा टंकायची, एंटर दाबायचे. उत्तरही अक्षरांतच येते. रोज लागणाऱ्या आज्ञा एका फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. माझे कवितांचे बाड मी अशाच एका स्क्रिप्टने सांभाळतो.

आता या स्क्रिप्टला कधी कधी माणसाला विचारावे लागते, की बाबा, या चारांपैकी कोणते? सोपा मार्ग म्हणजे नाव टंकायला सांगणे. पण कोणी ‘गझल’ लिहितो, कोणी ‘गज़ल’, कोणी ‘ग़ज़ल’. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे शब्द. त्यातही नुक्त्याचा ज़ दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, तुलना मात्र फसते. तेव्हा शुद्धलेखनाच्या वाटेला न जाता आकडा विचारलेला बरा.

ही सोय बॅश नावाच्या शेलमध्ये तयारच आहे. तिचे नाव ‘सिलेक्ट’. बेल लॅबोरेटरीजमधल्या डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलमधून ती आली. आपण नावांची यादी द्यायची. सिलेक्ट तिला १, २, ३ असे आकडे घालून पडद्यावर मांडते आणि थांबते. दोन शब्दांचे नाव अवतरणचिन्हांत ठेवावे, नाहीतर ‘नवी गझल’चे दोन तुकडे होऊन दोन आकडे पडतात. प्रश्नाचे वाक्य ‘पीएस३’ या नावाखाली ठेवतात. ते लिहिलेच नाही तर नुसते ‘#?’ एवढेच उमटते. समोरच्याने त्यातून काय समजावे?

माणसाने २ टंकले की दुसरे नाव आपल्या हाती येते. नुसते एंटर दाबले तर यादी पुन्हा दिसते. गंमत पुढेच आहे. चारांच्या यादीत कोणी ९ टंकले तर सिलेक्ट रागावत नाही, थांबतही नाही. निवडलेले नाव रिकामे ठेवून ती पुढची आज्ञा खुशाल चालवते. (टंकलेला ९ ‘रिप्लाय’ या नावाखाली जपून ठेवलेला असतो.) समजा, पुढची आज्ञा होती, ‘संग्रह’ या फोल्डरातले निवडलेले नाव पुसून टाक. नाव रिकामे, म्हणजे उरले नुसते ‘संग्रह’. आज्ञा आतल्या फोल्डरांसकट पुसणारी असली तर वीस वर्षांच्या कविता एका आकड्यात गेल्या! म्हणून आधी पाहायचे, नाव रिकामे तर नाही ना. असेल तर पुन्हा विचारायचे. योग्य उत्तर मिळाल्यावर ‘ब्रेक’ लिहून बाहेर पडायचे, कारण सिलेक्ट आपणहून प्रश्न थांबवत नाही.

यादीत काय असावे हे मात्र कोणतीही आज्ञा सांगत नाही. एका वाचनालयात सभासद-नोंदणीच्या वेळी पडद्यावर मातृभाषांची यादी आली. टेबलामागच्या गृहस्थांनी माझे नाव वाचले आणि मला न विचारताच उर्दूचा आकडा दाबला. आमच्या घरात दखनी बोलतात, मी लिहितो मराठीत. मी हरकत घेतली तेव्हा त्यांनी मराठी केले. दखनी यादीत नव्हती, ‘अन्य’ही नव्हते. एकच निवडायला सांगणारा माणूस अर्धे उत्तर आधीच देऊन बसलेला असतो, हे मला तेव्हा नीट दिसले. माझ्या याद्यांत शेवटचे दोन आकडे ठरलेले आहेत: ‘यापैकी नाही’ आणि ‘काही न करता बाहेर’.

बाण खालीवर सरकवून निवडण्याची देखणी साधनेही आज मिळतात, पण ती बहुधा वेगळी बसवून घ्यावी लागतात. बॅश असेल तिथे सिलेक्ट सहसा असतेच. फक्त डेबियन किंवा उबुंटूवर स्क्रिप्ट ‘एसएच’ या नावाने चालवली तर बॅशऐवजी डॅश नावाचा शेल पुढे येतो, आणि त्याला सिलेक्ट ठाऊक नाही. तेव्हा स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत बॅशचे नाव घालावे, आणि ती चालवतानाही त्याच नावाने चालवावी.