कचेरीतली यंत्रणा – भाग ६ : जॉबरचे तीन प्रश्न

बुऱ्हाणपुरात यंत्रमागांच्या खडखडाटात एखादा माग थांबला, की कामगार माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हाक मारतो. जॉबर कागद मागत नाही. कितव्या नंबरचा माग? ताणा तुटतोय की बाणा? सकाळपासून की आत्ताच? एवढं कळलं, की कोणतं हत्यार घेऊन निघायचं हे त्याचं जागेवरच ठरतं.

आता समजा, त्याच कारखान्याच्या कचेरीत कंप्युटर-प्रिंटरच्या तक्रारींसाठी मदतकक्ष सुरू झाला आणि त्याचा अर्जही तयार झाला. नाव, हुद्दा, विभाग, कर्मचारी क्रमांक, ईमेल, वरिष्ठांचं नाव, तक्रारीचा प्रकार, उपप्रकार, प्राधान्य असे नऊ रकाने आणि तळाशी ‘वर्णन’ नावाची रिकामी चौकट. दिवाणजी रकाने भरता भरता वैतागतात, प्राधान्यात ‘अतितातडीचे’ निवडतात आणि चौकटीत लिहितात, ‘प्रिंटर बंद आहे.’ मग मदतकक्षातून फोन येतो : कुठला प्रिंटर? लाल दिवा लागलाय का? कधीपासून?

म्हणजे जॉबरचेच प्रश्न, पण नऊ रकाने भरून झाल्यावर.

पहिले सहा रकाने मुळात विचारायचेच नसतात. कर्मचाऱ्यानं लॉगिन केलं, की ही माहिती कचेरीच्या नोंदीतून आपोआप येऊ शकते. ब्रिटनमधल्या फॉर्मतज्ज्ञ कॅरोलाइन जॅरेट प्रत्येक प्रश्नाचीच उलटतपासणी करायला सांगतात : हे उत्तर कोण वापरणार, कशासाठी, आणि ते चुकलं तर काय होणार? उत्तर वापरणाराच सापडत नसेल, तर रकाना काढून टाकावा.

एक रकाना किती महागात पडतो, याचा एक्स्पीडिया या प्रवास-आरक्षणाच्या संकेतस्थळाचा किस्सा प्रसिद्ध आहे. पैसे भरण्याच्या पानावर ‘कंपनी’ असा ऐच्छिक रकाना होता. काही ग्राहक तिथं आपल्या बँकेचं नाव लिहीत आणि पुढं पत्ताही बँकेचाच देत. पत्ता जुळेना, व्यवहार अडे. तो रकाना काढल्यावर वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरचा फायदा झाल्याचं कंपनीनं सांगितलं.

‘प्रकार’ हा रकानाही तितकाच फसवा. बिघाड हार्डवेअरचा की नेटवर्कचा, हे दिवाणजींनी का ठरवायचं? निदान दुरुस्त करणाऱ्याचं काम. अर्जात लोकांच्या तोंडची वाक्यं हवीत : ‘कंप्युटर सुरूच होत नाही’, ‘प्रिंट निघत नाही’, ‘इंटरनेट गेलंय’. नव्या माउसची मागणी मात्र वेगळ्या वाटेनं जावी. तिला मंजुरी लागते, दुरुस्ती नव्हे. आणि मराठी, हिंदी, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात वर्णन कोणत्याही भाषेत चालावं, फोटोही जोडता यावा.

राहिलं प्राधान्य. मदतकक्षांच्या कामकाजासाठी जगभर वापरली जाणारी आयटिल ही पद्धत १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारकडे आकाराला आली. तिच्यात प्राधान्य दोन गोष्टींवरून ठरतं : परिणाम किती मोठा आणि घाई किती. म्हणून ‘तातडीचं आहे का?’ असं न विचारता ‘किती जणांचं काम अडलंय?’ आणि ‘आज काय थांबेल?’ असं विचारावं. बंद पडलेला कंप्युटर एकच असेल. पण त्यावर ई-वे बिल निघत असेल, तर कापड भरलेला ट्रक फाटकातच उभा राहतो.

अर्ज पाठवल्यानंतर काय, याचा नमुना बुऱ्हाणपूरकरांच्या ओळखीचा आहे. मध्य प्रदेशात २०१४ पासून चालणाऱ्या १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, की क्रमांक मिळतो. ठरल्या मुदतीत काम झालं नाही, तर तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते; असे चार स्तर आहेत. कचेरीच्या अर्जानंही ‘पाठवा’चं बटण दाबताच क्रमांक आणि मुदत दाखवावी.

पुढच्या भागात मुदती कशा ठरवायच्या ते पाहू. तोवर वाचकांनी एक करावं : आपल्या मदतकक्षाकडं आलेल्या शेवटच्या वीस तक्रारी काढाव्यात आणि प्रत्येकीसाठी फोन करून पुन्हा काय विचारावं लागलं, ते समोर लिहावं. नव्या अर्जातले प्रश्न त्याच यादीतून घ्यावेत.