परवान्याचे मासे, मालकीचे काठ

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठाच्या ठोक्याला ट्राउट माशांचा हंगाम खुला होतो, आणि एरवी ज्या ओढ्यांच्या काठी चिटपाखरूही दिसत नाही, तेथे गळ टाकणाऱ्यांची रीघ लागते. यांतले बहुतेक मासे ओढ्यात जन्मलेले नसतात. बेलफॉन्ट, प्लेझंट गॅप येथील झऱ्यांच्या थंड पाण्यावर चालणाऱ्या सरकारी मत्स्यपालन केंद्रांत ते सुमारे दीड वर्ष पोसले जातात, सव्वा वीत लांब झाले म्हणजे टाक्या बसविलेल्या मालमोटारींतून आणले जातात, आणि मोटार पुलापाशी थांबली की गावची हौशी मंडळी बादल्या घेऊन निसरडी दरड उतरतात व डोहाडोहांत ते सोडतात. सोडलेला मासा क्षणभर गांगरतो, तळाशी जातो, आणि मग प्रवाहाकडे तोंड करून स्थिर होतो.

वर्षाकाठी तीस लाखांहून अधिक मासे अशा रीतीने सोडणाऱ्या मत्स्य मंडळाचा खर्च राज्याच्या सर्वसाधारण महसुलातून भागत नाही. वार्षिक परवान्याची फी, ट्राउटसाठी भरलेला वेगळा आकार आणि 1950 च्या केंद्रीय कायद्यान्वये मासेमारीच्या सामानावर बसविलेल्या करातला राज्याचा वाटा, ही त्याची मुख्य मिळकत. म्हणजे सार्वजनिक पाण्यावरचा मासाही फुकटचा नव्हे, त्याचे मोल सर्वांनी मिळून आधीच चुकते केलेले असते.

खासगी पाण्याची गोष्ट निराळी. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर ज्या स्प्रूस क्रीकवर मासे धरीत, तिचे बरेचसे काठ जमीनमालकांच्या व मंडळ्यांच्या ताब्यात आहेत. अशा पाण्यावर दिवसाचा दर भरणाऱ्याला खाद्य घालून वाढविलेले मोठे मासे मिळतात हे खरे, परंतु माझ्या मते तो मुख्यतः एकांताचे दाम मोजीत असतो. दुसरा कोणी तेथे येणार नाही, ही हमी त्याने विकत घेतलेली असते. त्यात गैर काही नाही, जोवर ती हमी देणाऱ्याची मालकी निर्विवाद आहे.

पण हीच मालकी सार्वजनिक व्यवस्थेचाही पाया आहे, हे फारसे ध्यानात येत नाही. सरकारी मासे ज्या ओढ्यांत सोडले जातात, त्यांतले कितीतरी खासगी शेतांतून वाहतात. मालकाने मोबदला न घेता दिलेली मुभा एवढ्यावरच तेथला प्रवेश चालतो. कोणी कचरा टाकला, कुंपण मोडले, की मनाईचा फलक लागतो आणि मत्स्य मंडळाची मोटार पुढल्या वर्षी तेथे थांबत नाही. परवाना मासे धरण्याचा अधिकार देतो, दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकण्याचा नव्हे, हे प्रत्येक परवानेदाराने मनावर घेतले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

स्प्रूस क्रीक जिला मिळते, त्या लिटल जुनियाटा नदीवर मालकीचा वाद न्यायालयात गेला. एका खासगी मंडळीने काठ भाडेपट्ट्याने घेऊन नदीचे काही पट्टे केवळ सभासदांसाठी राखले होते. राज्याने दावा लावला. पूर्वी या नदीतून मालाची वाहतूक होत असे, याचा पुरावा न्यायालयाने ग्राह्य धरला, आणि ती नाव्य, अतएव सार्वजनिक होय, असा निर्णय 2007 साली दिला. त्यामुळे पाण्यात उतरून चालण्याचा व गळ टाकण्याचा लोकांचा हक्क शाबीत झाला. काठची जमीन मात्र मालकाचीच राहिली, आणि नदीत शिरायचे ते सार्वजनिक वाटेनेच किंवा मालकाला विचारून.