बोटीत डिझेलचा वास येतो? आधी गळती शोधा

मासेमारी बोटीवरचे खलाशी डोकेदुखी, मळमळ सांगतात आणि वर म्हणतात, "बोट लागली असेल." समुद्र शांत असतानाही त्रास होतो आणि मोकळ्या हवेत उतरतो, असे असेल तर आम्ही आधी इंजिनरूमबद्दल विचारतो. तिथे डिझेलचा वास असतोच, हे मालकाचे उत्तर आम्हाला पटत नाही.

वास टाकी भरल्यावरच येतो का? मग भरायचा पाइप आणि टाकीचा वरचा भाग बघा. इंजिन चालू असतानाच येत असेल तर पंपापासून पुढच्या नळ्या. इंजिन बंद करून सगळे सांधे कोरडे पुसा, खाली पांढरा कागद अंथरा. डिझेल नळीवरून ओघळते, म्हणून थेंब पडतो तिथून वर शोधत जा. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल तर डिझेल आतच गळत असण्याची शक्यता आहे.

चालू इंजिनात इंजेक्टरच्या नळीवर हात मात्र कधीही फिरवू नका. दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण काही तासांत आतले मांस मरू लागते. हळद-मलम लावून थांबू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि "डिझेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगा.

वास स्वयंपाकाच्या गॅसचा असेल तर गोष्ट वेगळी. हा गॅस हवेपेक्षा जड, बोटीच्या तळात साचतो. सिलिंडर बंद करा, झाकणे उघडा. बिडी नको, दिव्याचे बटण नको, पाणी उपसायचा पंपही नको.