सांध्यांची गळती आणि सीलंटची निवड

छत्तीसगडमध्ये दुर्ग शहराजवळ रसमडा हे औद्योगिक क्षेत्र आहे. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि कालांतराने या परिसरात लोखंड-पोलादाचे अनेक उद्योग उभे राहिले. अशा उद्योगांत जड वस्तू उचलण्याचे व दाबण्याचे काम हायड्रॉलिक यंत्रे करतात. त्यांतील तेलाचा दाब अनेकदा २०० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम असतो. म्हणूनच नळीचा एखादा सांधा सदोष राहिला, तर तेल गळू लागते. तापलेल्या धातूजवळ ते पेटही घेऊ शकते.

गळती रोखण्यासाठी सीलंट निवडण्यापूर्वी आटे ओळखावे लागतात. आट्यांचे मुख्य प्रकार दोन. निमुळत्या आट्यांचा व्यास टोकाकडे कमी होत जातो. ते आवळताना एकमेकांत रुततात. तरीही त्यांच्यामध्ये बारीक पोकळी उरते. ती भरणे हे सीलंटचे काम. समांतर आटे मात्र केवळ पकड देतात. तेथे तेल अडवते ते वॉशर किंवा रबरी ओ-रिंग. अशा सांध्यावर टेप गुंडाळणे व्यर्थ होय.

आणखी एक फसगत संभवते. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश आणि अमेरिकी प्रमाणाच्या पाइपांवर दर इंचास १४ च आटे असतात. त्यामुळे ते एकमेकांत बसल्यासारखे वाटतात. परंतु ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा असतो. ही विजोड जोडणी कोणत्याही सीलंटने सुरक्षित होत नाही.

पाण्याच्या नळाला वापरली जाणारी टेफ्लॉनची पांढरी टेप स्वस्त व सोयीची असते. मात्र तिचे तुकडे तेलात मिसळले, तर झडपांची सूक्ष्म छिद्रे बुजतात. टेप वापरावीच लागली, तर टोकाचे एक-दोन आटे मोकळे सोडून ती आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावी. निमुळत्या धातूच्या आट्यांसाठी द्रवरूप अनएरोबिक सीलंट अधिक योग्य ठरते. हवेचा संपर्क तुटताच ते धातूच्या सान्निध्यात घट्ट होते आणि त्याचे तंतू सुटत नाहीत. परंतु त्यासाठी आटे स्वच्छ व तेलविरहित हवेत आणि ते घट्ट होईपर्यंत यंत्र सुरू करता कामा नये.

गळती शोधताना सांध्यावरून हात फिरवणे अत्यंत धोक्याचे असते. केसासारखी बारीक धार त्वचा भेदून तेल शरीरात घुसवते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. विलंब झाल्यास बोट किंवा हातही गमवावा लागू शकतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा लावून, दुरून पुठ्ठा धरून गळती तपासावी आणि दाब पूर्ण उतरवल्याशिवाय सांधा आवळू अथवा उघडू नये.

सीलंट योग्य सांध्याला साहाय्य करते. चुकीचा सांधा ते सुधारू शकत नाही. म्हणूनच कुशल फिटर आधी आटे पाहतो आणि मगच सीलंट हाती घेतो.