घाट, ओझे आणि गिअरबॉक्समधले तेल

आंबोलीचा घाट आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडे जावयाचा तो इंग्रजी अमदानीत याच वाटेने, आणि आंबोलीला जे महत्त्व आले ते या रस्त्यावरचा एक मुक्काम म्हणून. त्या काळी ओझे बैल ओढीत. चढावर बैल धापा टाकू लागले, तोंडाला फेस आला, की गाडीवान चाकामागे धोंडा लावी आणि जनावरांना दम खाऊ देई. आज तेच ओझे डिझेलवर चालणारी दणकट जीपवजा मोटार ओढते. फरक एवढाच की, बैल थकला हे दिसते. मोटारीचा गिअरबॉक्स थकला हे दिसत नाही. समोरच्या फळीवर इंजिनच्या पाण्याचे तापमान दाखविणारा काटा बहुतेक गाड्यांत असतो. गिअरबॉक्समधल्या तेलाचे तापमान दाखविणारा काटा फारच थोड्या गाड्यांत सापडेल. या न दिसणाऱ्या तापाविषयी आज आपण थोडा विचार करू.

मागे ट्रेलर जोडून घाट चढावयाचा म्हणजे नेमके किती काम, हे प्रथम पाहू. समजा, तारकर्लीच्या पाण्यात चालणारी एक फायबरची होडी दुरुस्तीसाठी घाटावर न्यावयाची आहे. गाडी, आतील माणसे, ट्रेलर आणि होडी मिळून ३,५०० किलो वजन धरू. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. पायथ्यापासूनची चढण हिशेबापुरती ५५० मीटर मानू. एवढे वजन एवढे उंच उचलावयास लागणारी ऊर्जा होते सुमारे सव्वापाच युनिट, म्हणजे घरच्या विजेच्या मीटरवर आपण मोजतो तीच युनिटे. आकडा ऐकून श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, कारण तो फारच लहान आहे. शंभराहून अधिक अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला हे काम मुळीच जड नाही. तेव्हा 'आमची गाडी घाट सहज चढते' असे कोणी म्हणाले तर ते खरेच असते. पण प्रश्न गाडी चढते की नाही हा नाही. चढताना वाया जाणारी शक्ती कोठे जाते, हा आहे.

ती कोठे जाते हे समजण्यासाठी आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीच्या पोटात डोकवावे लागेल. हाताने गिअर टाकावयाच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची तबकडी असते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांचे प्रकार बरेच आहेत. त्यांतल्या ओझे ओढणाऱ्या मोठ्या डिझेल गाड्यांत तबकडीच्या जागी बहुधा टॉर्क कन्व्हर्टर नावाचे बंद भांडे असते आणि त्यात तेल भरलेले असते. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू करा, दुसऱ्याची वायर काढून ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतील. वाऱ्याच्या जागी तेल घातले म्हणजे झाला आपला कन्व्हर्टर. हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. वेगाने फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनची शक्ती सावकाश फिरणाऱ्या पंख्याला कशी द्यावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. समुद्रावरून निघालेली ही कल्पना आज सह्याद्री चढते आहे!

दुसरा पंखा पहिल्याइतक्या वेगाने कधीच फिरत नाही. थोडा मागे राहतो. या मागे राहण्याला घसर म्हणू. कन्व्हर्टरचा मोठा गुण असा की, दोन पंख्यांच्या मध्ये बसविलेल्या तिसऱ्या चक्रामुळे घसर असताना चाकांना मिळणारा पीळ वाढतो. म्हणूनच जड गाडी चढावर धक्का न खाता उठते. पण गुणाची किंमत मोजावी लागतेच. जेवढी घसर, तेवढे तेल आतल्या आत घुसळले जाते, आणि घुसळलेले तेल तापते.

आता हा ताप मोजू. पंधरास एक अशा चढावर, ताशी ३० किलोमीटर वेगाने, आपले ३,५०० किलोचे ओझे नेण्यास सुमारे २३ किलोवॅट शक्ती चाकांपाशी लागते. कन्व्हर्टर घसरत असेल आणि शंभरातील ऐंशी भाग पुढे देत असेल, तर सुमारे ६ किलोवॅट तेलात उष्णता होऊन उतरतात. स्नानघरातला साधा गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे तीन गिझर अखंड चालू, आणि ते कशात? आठ-दहा लिटर तेलात, अर्ध्या बादलीत! ही उष्णता बाहेर काढण्याची सोय नसेल तर नुसते तेल दोन मिनिटांत पन्नासएक अंशांनी तापेल. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचे धातूचे कवच पुष्कळशी उष्णता शोषून घेते म्हणून इतक्या झपाट्याने तसे होत नाही. पण घाट दोन मिनिटांचा नसतो.

हे तेल साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखाने काम करते. त्यापुढे दर दहाएक अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा यंत्रज्ञांचा ढोबळ आडाखा आहे. १२० अंशांच्या पुढे ते काळवंडू लागते, आतील झडपांवर लाखेसारखा थर धरू लागतो. आणखी तापले की रबराची सीले कडक होतात, क्लचच्या तबकड्या जळू लागतात. इंजिन तापले तर वाफ निघते आणि गाडी तेथेच अडते. गिअरबॉक्स मात्र तापून, सोसून, त्या दिवशी घरी आणून सोडतो आणि काही महिन्यांनी, सपाट रस्त्यावर, विनाकारण बिघडल्यासारखा बिघडतो. मग मालक कारखान्याला दोष देतो.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. आंबोलीची हवा थंड आहे, वर्षाला साडेसातशे सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा तेथे गाडी कशी तापेल, असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते, ओझ्याच्या गाडीला या घाटात सर्वांत वाईट दिवस म्हणजे पावसाळ्यातला रविवार. रस्त्यालगतचा मोठा धबधबा पाहावयास गर्दी लोटते, वाहनांची रांग लागते आणि गाडी ऐन चढावर पावलापावलाने सरकू लागते. आधुनिक गिअरबॉक्समध्ये ठरावीक वेगाच्या वर कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे एकमेकांस जखडणारा क्लच असतो. त्याने घसर जवळजवळ नाहीशी होते. सरपटणाऱ्या गाडीत हा क्लच सुटलेला असतो. शिवाय वेग नाही म्हणून समोरून वारा नाही. आणि काही चालक तर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी चढावर नुसती तोलून धरतात. त्या वेळी गाडी जागची हलत नाही म्हणजे काम शून्य. इंजिन जेवढी शक्ती देते तेवढी सगळी तेलात उष्णता होऊन जाते. बाहेर धुके असो की गारवा, आत कढई तापते आहे. हाताने गिअर टाकावयाच्या गाडीत हीच गोष्ट अर्धा क्लच दाबून केली तर तबकडीचा वास लगेच नाकाला कळतो, एवढाच काय तो लाभ.

तेल निवविण्याची व्यवस्था अशी. गिअरबॉक्समधला पंप तेल नळीने पुढे पाठवितो. पुष्कळ गाड्यांत ते रेडिएटरच्या टाकीतच बसविलेल्या छोट्या कुलरमधून जाते व आपली उष्णता इंजिनच्या पाण्याला देते. पण इंजिनचे पाणीच ९० अंशांच्या घरात. त्याहून थंड तेल तेथून परत येणार नाही. म्हणून नेहमी ट्रेलर ओढणाऱ्याने वाऱ्यावर निवणारा दुसरा कुलर रेडिएटरच्या पुढे बसवावा, आणि तेल आधी पाण्याच्या कुलरमधून, मग या वाऱ्याच्या कुलरमधून जाऊन परत यावे. पहिला काढून टाकू नये, कारण सकाळी थंड तेल लवकर कोमट करण्याचे कामही तोच करतो. डिझेल गाडीत मात्र पुढची जागा आधीच भरलेली असते: टर्बोची हवा थंड करणारा इंटरकुलर, वातानुकूलनाचा कंडेन्सर आणि मग रेडिएटर. त्यात आणखी एक जाळी उभी केली तर मागच्यांचा वारा अडतो. तेव्हा मोठ्यात मोठा कुलर म्हणजे उत्तम कुलर, असे नाही. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांना खाते आणि घाटातली लाल माती त्यांच्या फटी बुजविते. वर्षातून दोनदा हलक्या पाण्याने त्या धुऊन काढणे हे नवा कुलर विकत घेण्याइतकेच मोलाचे आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

रेडिएटरमधला कुलर आतून फुटला तर पाणी व तेल एकत्र होते. हे तेल बहुधा लाल असते. त्यात पाणी मिसळले की सोलकढीच्या रंगाचा फेस होतो. तसा रंग दिसला तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नये; पाणी आणि त्यातले ग्लायकॉल क्लचच्या तबकड्यांवरचे अस्तर सोडविते.

कुलरच्या आधी ओझ्याचा विचार करावा, हे वेगळे सांगावयास नको. ऑस्ट्रेलियात गाडीच्या पुस्तिकेत ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी किती वजन ओढावे याचे वेगवेगळे आकडे असतात, आणि बिनब्रेकच्या ट्रेलरला बहुधा ७५० किलोची मर्यादा असते. आपल्याकडे पुष्कळ पुस्तिकांत असा आकडाच नसतो. मागे हूक बसवून मिळाला म्हणजे परवानगी मिळाली असे समजू नये.

चालविण्याच्या दोन-तीन गोष्टी. पायथ्याशीच गिअर खालचा, हाताने निवडून ठेवावा. इंजिन थोडे जास्त ओरडले तरी चालेल, कारण पंपही जास्त फिरतो आणि घसर कमी होते. पुढे रांग दिसली तर चिकटून सरपटण्याऐवजी सपाट जागी बाजूला थांबून वाट मोकळी होऊ द्यावी. आणि तापल्याचा दिवा लागलाच, तर सुरक्षित जागी हँडब्रेक ओढून, चाकांना धोंडे लावून, गाडी पार्किंगमध्ये टाकावी व इंजिन चालूच ठेवावे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. ते इंजिन बंद करून बॉनेट उघडतात. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. तापलेले तेल तापलेल्या जागीच बसून राहते. इंजिन चालू असले तर तेच तेल कुलरमधून फिरून निवत येते.

पंपाची ही गोष्ट आणखी एका प्रसंगी ध्यानात ठेवावी लागते. घाटात बंद पडलेली गाडी दोराने बांधून नेण्याची आपली जुनी चाल आहे. साध्या गिअरच्या गाडीला ती बहुधा सोसते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीची चाके जमिनीवर फिरत राहिली की गिअरबॉक्सचे भाग फिरतात, पण इंजिन बंद असल्यामुळे पंप त्यांना तेल देत नाही, कोरडेच घासतात. म्हणून अशी गाडी शक्ती मिळणारी चाके उचलून, आणि चारही चाकांना शक्ती मिळत असेल तर सबंध गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. ट्रकची वाट पाहण्यात दोन-तीन तास जातील, आणि आंबोलीच्या पावसात ते लांब वाटतील. पण नवा गिअरबॉक्स मिळावयास त्याहून पुष्कळ अधिक दिवस लागतात.